ओल

जरा बसा. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या. कधीकाळी खरचटलेली अंगावरची एखादी जागा आठवा आणि तिथं हात ठेवा.

पुण्याजवळच्या कुस्तीवेड्या मुळशीतल्या भूगावात अशा खुणा शोधाव्या लागत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीचं मैदान इथंच भरलं, अभिजित कटकेनं गदा पटकावली. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद कालवतात. खरचटलं तर भरवसा त्या हळदीवर. (तिच्या जखम भरण्याच्या गुणाचं अमेरिकेनं दिलेलं पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं रद्द करून घेतलं, तिचे प्रमुख होते रघुनाथ माशेलकर.)

आता कातडीच्या आत उतरा. जखमेच्या काठावरून पेशी आत सरकतायत. वर कोरडी खपली असेल तर त्यांना खालून, ओल शोधत जावं लागतं. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर पाहिलं: झाकून ओलसर ठेवलेली जखम जवळपास दुप्पट वेगानं कातडी धरते. तरी घराघरांत ‘वारा लागू दे’ चालूच.

सावकाश. मनात एक बेडूक आणा. शस्त्रक्रिया करून, टाके घालून गढूळ टाकीत सोडलेला. जखम चिघळत नाही. मायकेल झासलॉफ यांना १९८७ मध्ये कारण सापडलं: त्याच्या कातडीतली पेप्टाइडं, प्रथिनांच्या आखूड साखळ्या, जंतूंचं आवरण फोडतात. आपल्या कातडीतही एलएल-३७ नावाचं पेप्टाइड हेच करतं.

दुसरी काही पेप्टाइडं पाण्यात आपणहून एकमेकांना बिलगतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचं जाळं. शंभरात नव्याण्णव भाग पाणी, तरी ओघळत नाही. हे हायड्रोजेल जखमेची ओल राखतं, पेशींना सरकायला आधार देतं. भूगावाहून चांदणी चौकापलीकडे, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच माशेलकरांनी जेलवरही काम केलं. चिरलं तरी आपणच सांधणाऱ्या एका हायड्रोजेलवरच्या २०१२ च्या शोधनिबंधात त्यांचं आणि आशिष लेले यांचं नाव आहे. ते जेल पेप्टाइडचं नव्हतं, एवढंच.

आता स्वतःची जागा सोडा. मधुमेह असलेल्या कुणाच्या तळपायाकडे लक्ष न्या. तिथं अनेकदा रक्त कमी पोचतं, दुखणं कळत नाही, पेशी काठावरच अडून राहतात. पैलवानाचा गुडघा बिनजेलचाही भरेल. पेप्टाइडच्या जेलची खरी परीक्षा इथं, या तळपायावर आहे. आज रात्री घरातल्या अशा माणसाचे तळवे उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट.