आजारी लेंकराचें बिऱ्हाड

कोल्हापूरच्या स्टेशनावर रात्रीं मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस उभी असते, तेव्हां तींत बसणाऱ्या मंडळींकडे वाचकांनीं एकदां लक्षपूर्वक पाहावें. कोणी व्यापारास निघालेले असतात, कोणी नोकरीस. पण एखाद्या बांकावर केस गळलेलें लेंकरूं आईच्या मांडीवर निजलेलें असतें, आणि बाप कागदांची पिशवी उराशीं धरून बसलेला असतो. हीं माणसें परळास, १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक इस्पितळांत जावयास निघालेलीं असतात.

अशा लेंकरासाठीं कोणीं दान मागितलें तर आपण सहसा नाहीं म्हणत नाहीं. परंतु पैसा औषधास लागणार असें कळलें म्हणजे आपला हात सैल होतो, आणि बापाच्या खोलीभाड्यास लागणार असें कळलें म्हणजे तोच हात आखडतो. औषधास दिलें तें दान, आणि भाड्यास दिला तो केवळ खर्च, हा भेद खरा आहे काय?

मुलांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षें चालतो. त्या औषधांनीं रोगाशीं झुंजण्याची अंगची शक्ति क्षीण होते. साधा तापही जिवावर बेततो. असें मूल रस्त्याच्या कडेला निजलें, तर दिवसां दिलेलें औषध रात्रीं व्यर्थ जावयाचें. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें श्रीमंत देशांत कर्करोग झालेलीं शेंकडा ८० हून अधिक मुलें बरीं होतात. कित्येक गरीब देशांत शेंकडा ३० देखील होत नाहींत. रोग उशिरां ओळखला जाणें व औषध न मिळणें हीं त्याचीं कारणें आहेतच. पण उपचार मध्येंच सोडणें हेंही एक मोठें कारण आहे. सोडणारा बाप निर्दय नसतो. त्याची मजुरी बुडालेली असते, आणि धाकटीं लेंकरें गांवीं आजीजवळ वाट पाहत असतात.

म्हणून मुंबईंत ज्यांनीं बिऱ्हाडाची सोय केली, त्यांनीं उपचाराचाच एक भाग उचलला असें मी म्हणतों. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांस आसरा देते. सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून कर्करोगी मुलांस आईबापांसह विनामूल्य ठेवून घेते. प्रत्येक कुटुंबास निराळी जागा व स्वयंपाकाची सोय देते. आपल्या हातची भाकरी लेंकरास भरवितां येणें, ही त्या आईस लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय इस्पितळांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांस मोफत ठेवाव्या असा नियमही आहे. मग आमच्या दानाची गरज काय? ही व्यवस्था चांगली आहे, व तिचा लाभ प्रत्येकानें अवश्य घ्यावा. पण खाट मिळाली म्हणून मागें राहिलेल्या घरची चूल पेटत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. मूल वांचलें नाहीं तर दान फुकट गेलें काय? बंधुभगिनींनो, आपण जीव विकत घेण्यास पैसे दिले नव्हते. आईबाप लेंकराच्या उशाशीं राहूं शकले, आणि परत येतांना सावकाराचें ओझें त्यांच्या दुःखावर चढलें नाहीं, एवढें झालें असेल तर तें दान पूर्णपणें पोहोंचलें.

पक्षघाती मनुष्यास छप्पर उकलून प्रभूपुढें सोडणारे चौघे आपणांस ठाऊक आहेत. बरें करणें त्यांच्या हातीं नव्हतें. खाट उचलणें होतें. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उघडलें, त्यासही परदेशांतील अशा दात्यांचा हात लागला होता, ज्यांतील बहुतेकांनीं मिरज कधीं पाहिली नाहीं. मग आपणच दान देण्यापूर्वीं लेंकराचें छायाचित्र व आईचे अश्रू कां मागावे?

आपल्या मंडळींत घरोघरीं मूठभर धान्य बाजूला काढण्याची रीत आहे. तशीच एक मूठ या कामासाठीं ठेवावी. गांवांतून असें एखादें कुटुंब निघालें तर भाड्याचे पैसे त्याच्या हातीं गुपचूप द्यावे, आणि त्याच्या दारच्या गाईला वैरण घालावी. खाटेचा एक कोपरा आपल्या वांट्याचा आहे.