सवयीचं औषध

‘सवय होते हो त्यांना!’ या आठवड्यात पुन्हा हेच कानावर आलं. गंगाखेडहून परळीकडे जाणाऱ्या मालगाडीच्या शेपटाला उड्या मारत जाणाऱ्या चारचाकी ब्रेकव्हॅनमधल्या माणसाबद्दल. गार्डाचं बारसं जानेवारी २०२२मध्ये झालं, तो ‘ट्रेन मॅनेजर’ झाला. पगाराची श्रेणी तीच, बाकही तेच. (बारशांची आपली हौस दांडगी. गावं झाली, रस्ते झाले, आता माणसं.) धक्क्यांचं कारण गूढ नाही. डबा हलका, खाली ताठ कमानपाटे. त्यामुळे रुळाचा सांधा अन् काटा थेट कमरेला कळतो. पुढे साठाच्या आसपास वाघिणी. इंजिनानं ओढलं की एकेका कपलिंगमधली ढिलाई ताणली जाते आणि सगळ्यांचा मिळून हिसका शेवटच्याला बसतो. कठडा धरलेला असला तर ठीक.

सवय होते, पण कानाला आणि मनाला. मणक्यांमधल्या चकत्यांना ती होत नाही. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारं उभं कंपन सर्वांत जास्त बाधतं, मग नोकरी पहिल्या वर्षाची असो की तिसाव्या. युरोपानं २००२मध्ये कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती कंपन सोसायला लावावं, याची मर्यादा ठरवली. त्यात ‘जुना माणूस आहे, चालेल’ अशी सवलत नाही. आणि सवय इतकी गुणकारी असेल, तर ती प्रवाशांनाच का लावली नाही? त्यांच्यासाठी एलएचबी डबे कशाला आणले? खुद्द रेल्वेचाही या औषधावर विश्वास नसावा, कारण प्रवासी डब्याच्या धर्तीच्या बोगीवर चालणारी आठचाकी ब्रेकव्हॅन तिनंच काढली, शौचालयासकट. वाट्याला कोणती येईल, ते त्या दिवसाच्या नशिबावर. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला सीटवर पोत्याची घडी टाकून बसतो, त्यालाही आपण सवयीचाच उतारा देतो. पोतं सवयीसाठी टाकत नाहीत एवढं तरी लक्षात घ्यावं.

खर्चाचं म्हणाल, तर बारशाला फारसा येत नाही, हे खरं. गाडीच्या शेवटी यंत्र बसेल आणि गार्डच लागणार नाही, असंही सांगतात. बसेल तेव्हा बसेल, आजच्या गाडीत माणूस बसलाय. तोवर साहेबांनी एखादी तपासणी सलूनऐवजी या चारचाकीतून करावी, परभणी ते परळी. साठेक किलोमीटर तर आहे. सवय लागायची भीती नाही.