कांदा कोणी चिरला?

मागच्या हिवाळ्यात पेणच्या आमच्या घरी मी सालसा केला. मित्रांना चाखवला, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘घरगुती’. दोन दिवसांत अकरा जणांनी विचारलं, विकतोस का?

म्हणून हिशेब मांडला. तीन किलो टोमॅटो, १२० रुपये. कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबं मिळून १६०. अकरा बाटल्या, १६५. माझे तीन तास, तासाला १५० धरून ४५०. एकूण ८९५. बाटली १२० ला विकली तर ४२५ रुपये नफा. मी खुशीत कागद आईपुढे धरला. तिने चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि विचारलं, “आणि कांदा कोणी चिरला?”

कांदा तिने चिरला होता. कोथिंबीर तिने निवडली होती, टोमॅटोची जळकी सालं तिने काढली होती, शेवटी ओटाही तिनेच पुसला होता. मी टोमॅटो जाळीवर भाजत होतो आणि मधूनमधून व्हिडिओ काढत होतो. तिचेही तीनच तास गेले होते. माझ्याच दराने त्यांचे ४५० होतात. म्हणजे माझा नफा मुळात नफा नव्हताच. ती आईची न मांडलेली मजुरी होती, आणि तीही पंचवीस रुपये कमी.

मी तिला फसवायचं ठरवलं नव्हतं. तिचे तास लिहायचे असतात हे मला सुचलंच नाही, आणि मला वाटतं खरी अडचण तीच आहे. लबाडी करताना माणसाला आपण काय लपवतोय ते ठाऊक तरी असतं.

सालसा करताना आई म्हणाली होती, “ही तर भाजलेल्या टोमॅटोची चटणी.” तिचं चूक नव्हतं. स्पॅनिशमध्ये ‘सालसा’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘सॉस’. मुळाशी ‘खारवलेलं’ असा लॅटिन शब्द आहे. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली. मेक्सिकोत सालसा वाटायचं जुनं दगडी भांडं, मोल्काहेते, बेसॉल्टचं असतं. आपला काळा पाटाही बहुधा त्याच जातीच्या दगडाचा. फरक दुसरीकडे आहे. तोच पदार्थ मी केला की ती ‘रेसिपी’ झाली, आईने केला की ते ‘रोजचं’.

‘घरगुती’ हा शब्द पेणमध्ये पावलोपावली दिसतो. घरगुती पोह्याचे पापड, घरगुती मसाले, घरगुती लोणची. मुंबईहून येणारा माणूस गाडी थांबवून हा शब्द वाचतो आणि कारखान्यातल्या मालापेक्षा दोन पैसे जास्त द्यायला तयार होतो. म्हणजे दुकानाच्या पाटीवर हा शब्द किंमत वाढवतो. घराच्या आत मात्र तोच शब्द किंमत शून्यावर आणतो: घरचंच आहे, त्याचे काय पैसे! एकच शब्द दोन बाजूंनी कमावतो, आणि माझ्या हिशेबात दोन्ही बाजूंची कमाई माझ्याच खिशात जात होती.

हे माझ्या एकट्याच्या ओट्यावरचं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७. आणि ही सरासरी फक्त जे हे काम करतात त्यांची. असे पुरुष शंभरात जेमतेम २६, बायका ८१.

मग प्रत्येक पोळीचं बिल लावायचं का? हा प्रश्न घेऊन मी रोह्याला मावशीकडे गेलो. म्हणजे गेलो होतो तिच्या हातचा मसाला आणायला, दिवा–रोहा मेमूने, कासू, नागोठणे करत. बोलताना हिशेबाचा विषय निघाला. मावशी हसली नाही. म्हणाली, “मी तुझ्या आईला दरवर्षी मसाला देते. उद्या त्याची पावती पाठवू? मग बहीण कशाला राहिले?”

तिचं म्हणणं मला सहज बाजूला टाकता येईना. सगळंच तासांत मोजलं तर घराचं दुकान होईल. काही गोष्टी मोजत नाहीत म्हणूनच त्यांना अर्थ असतो. पण परतीच्या गाडीत एक फरक लक्षात आला. मसाला द्यायचा की नाही हे मावशी ठरवते. एखाद्या वर्षी कंबर धरली तर ती “यंदा नाही गं” म्हणते आणि आईही ते ऐकून घेते. आईला मी विचारलंच कुठे होतं? मी टोमॅटो आणून ओट्यावर ओतले, आणि ओट्यावर काही पडलं की तिचे हात चालू होतात, हे मी गृहीत धरलं.

देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत असेल तरच ते देणं. ती सोय नसेल, तर घेणाऱ्याने त्याला कितीही वेळा ‘आईची माया’ म्हटलं तरी ते नुसतं घेणं असतं. आणि त्या घेण्यातून नफा काढायचा असेल, तर मायेचं नाव पुढे करायचा हक्कही उरत नाही. मावशीचा मसाला आमच्या कालवणात जातो, विकायला नाही. माझ्या बाटल्यांवर किंमत छापली जाणार होती.

घरी येऊन हिशेब पुन्हा मांडला. आईचे तीन तास धरल्यावर बाटलीचा खर्चच १२२ रुपये निघाला. किंमत १५० करावी लागली. अकरापैकी पाच जण गळले. ते वाईट लोक नव्हेत. त्यांना १२० ची बाटली हवी होती, आणि ती फक्त आईचा रकाना कोरा असतानाच शक्य होती.

उरलेल्या सहा बाटल्यांसाठी मी पहिल्यांदा आईला विचारलं, “करशील का मदत? नसेल जमत तर मी एकटा करतो.” ती थोडा वेळ गप्प राहिली. तिला हा प्रश्न कुणी विचारल्याची सवय नव्हती. मग म्हणाली, “करीन. पण माझा तास तुझ्याइतकाच का धरलास? मी कांदा तुझ्यापेक्षा बारीक चिरते.”

तो दर अजून ठरायचा आहे.