स्वभावाची चार अक्षरे

परवा आमचा पुतण्या सुट्टीला पुण्याहून गावी आला. त्याच्या कचेरीत सर्वांना एक स्वभाव-चाचणी दिली होती. तिचा निकाल तो कौतुकाने सांगत होता. म्हणाला, "काका, तुम्हीही सोडवा की. मोबाइलवरच आहे." मी म्हटले, "अरे, सत्तरी उलटली. आता कसली परीक्षा घेतोस?" तरी बसलो. चार माणसांत रमता की एकांतात, निर्णय घेताना मनाचे ऐकता की नियमाचे, असे ते प्रश्न. शेवटी चार इंग्रजी अक्षरे आली : आय, एस, टी, जे. म्हणजे काय, तर अबोल, शिस्तीचा, कर्तव्याला चोख, भावनेपेक्षा नियमाला मान देणारा.

वाचून बरे वाटले. खरे सांगायचे तर जरा जास्तच बरे वाटले. कारण असे की, चार वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी बोलणे तुटले. हा पुतण्या त्याचाच मुलगा. कागद माझ्या बाजूने होता, मोजणी माझ्या बाजूने होती. पण भर पंगतीत मी त्याला जे बोललो, ते बोलू नये असे होते. ती चार अक्षरे पाहताच मनाने घेतले, 'बघ, आपला पिंडच असा. आपला काय दोष?' रात्री झोप छान लागली. पहाटे मात्र तेच समाधान टोचू लागले.

ही चाचणी आली कोठून? स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ साली मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या आधाराने अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स ह्या मायलेकींनी चार जोड्या लावून सोळा प्रकार मांडले. निरनिराळ्या स्वभावाच्या माणसांनी एकमेकांना समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू. हेतू चांगलाच, पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर पुष्कळांचे एखादे अक्षर बदलते. शिवाय स्तुती आपल्याला लवकर पटते. १९४८ साली बर्ट्रम फोरर ह्या अमेरिकन प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. ते किती जुळते ह्याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग उघड झाले की, सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून वेचलेला!

म्हणून सारेच खोटे, असे मी म्हणत नाही. मी अबोल आहे, हे घरचे कोणीही सांगेल. पण स्वभाव ओळखायचा कशासाठी? एक बैल बुजरा असतो, एक तापट. शेतकरी ते ओळखतो ते नीट जुंपण्यासाठी, गोठ्यात बांधून ठेवण्यासाठी नव्हे. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही सत्त्व, रज, तम हे गुण एकमेकांना दडपून वरखाली होतात, असेच सांगितले आहे. कोणाच्या कपाळी कायमचा शिक्का मारलेला नाही.

'स्वभावाला औषध नाही' असे आपण म्हणतो. ही म्हण दुसऱ्याला क्षमा करताना वापरली तर शहाणपण. स्वतःला सोडवताना वापरली की पळवाट. माझा भाऊ हळव्या मनाचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. माझी जीभ कोरडी, हेही ठाऊक. मग दोन्ही ठाऊक असलेल्या माणसाचा दोष कमी झाला की वाढला? आपला उणेपणा कळला, की त्याची राखण आपल्याकडे आली. न कळता पाय पडला तर ती चूक. खड्डा दाखवल्यावरही पडला, तर तो कोणाचा दोष, हे वाचकांनीच सांगावे.

सकाळी पुतण्याने विचारले, "काय काका, पटला का निकाल?" मी म्हटले, "पटला. म्हणूनच तुझ्या घरी येतोय. तुझा बाप उठलाय का?"

दोन घरांत अंतर एका भिंतीचे. पण त्यांच्या ओट्याची पायरी चढताना पाय जड झाले. अबोल माणसाला पहिला शब्द काढणे जड जाते, हे त्या चाचणीने बरोबर सांगितले होते. जड जाते, एवढेच. जमणारच नाही, असे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते.