वाटणीत माईचं नाव नाही

इंदूरच्या घरात पाणी दोन प्रकारचं, बोरिंगचं आणि नर्मदेचं. नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांच्या जोरावर घाट चढून येतं, आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड. नळ आला की टाकी, पिंप, बादल्या भरायची धांदल उडते. त्याच धांदलीत घरातली आजी 'नर्मदे हर' म्हणत एक तांब्या देवापुढे ठेवते. याच शहरात नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय आहे. तिथे नर्मदामाईचा हिशेब दशलक्ष एकर-फुटांत होतो.

तो हिशेब लवादाने घालून दिला. घटनेच्या 262व्या कलमाला धरून 1956 मध्ये आंतरराज्य जलविवाद कायदा झाला आणि 1969 मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा लवाद बसला. राजस्थानातून नर्मदा वाहतच नाही, तरी 1974 च्या समझोत्यात त्यालाही वाटा मिळाला! डिसेंबर 1979 च्या निवाड्याने 28 दशलक्ष एकर-फूट पाणी वाटलं: मध्य प्रदेश 18.25, गुजरात 9, राजस्थान 0.5, महाराष्ट्र 0.25. बेरीज करून पाहावी, बरोबर 28 भरते. पाऊस जास्त झाला तर वापरता येण्याजोगं जादा पाणीही चौघांतच वाटायचं. नदीच्या नावावर काहीच नाही.

आता देवाचं पाहू. आपल्याकडे देवळातली मूर्ती कायद्याने व्यक्ती ठरते. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तसं मानलं, त्यामुळे देव कोर्टात दावा लावू शकतो. मग जिची लोक परिक्रमा करतात, जिचं पात्र परिक्रमेत ओलांडायचं नाही अशी मर्यादा पाळतात, ती नर्मदा आपल्याच वाटणीत पक्षकार का नाही? मे 2017 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने तिला सजीव मानण्याचा ठराव केला. गंगा-यमुनेबाबत उत्तराखंड उच्च न्यायालयाचा तसाच निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगित केला. न्यूझीलंडने 2017 मध्येच व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती केलं आणि तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमली, एक सरकारने सुचवलेला, दुसरा माओरींनी.

यावर कच्छचा शेतकरी विचारेल, माझं रान कोरडं असताना नदीला कशाला हक्क? प्रश्न खोटा नाही. पण नर्मदेचं पाणी अडवणाऱ्या सरदार सरोवरात नंदुरबारची 33 गावं बुडाली, तिथल्या आदिवासींचे देवही पाण्याखाली गेले. म्हणजे किंमत कुणीतरी मोजतोच. आई म्हणणं आपल्याला सोयीचं पडतं, कारण आई वाटा मागत नाही.

निवाड्यातच 45 वर्षांनंतर फेरविचाराची सोय ठेवली आहे. ती मुदत डिसेंबर 2024 मध्ये भरली. चारही राज्यं पुन्हा वाटणीला बसतील तेव्हा नदीत वाहतं राहायला हवं तेवढं पाणी आधी बाजूला काढावं, आणि मग काय भांडायचं ते उरलेल्यावर भांडावं.