आपल्या जोरावर हलणाऱ्यांची प्रार्थना

देवा, वाऱ्यावर उडणारी पानं तुझी आणि उताराने धावणारं पाणीही तुझंच. त्यांचं मागणं त्यांनी मागावं. मी आलोय तो पोटात अन्न जाळून स्वतःच्या जोरावर हलणाऱ्यांच्या वतीने. आम्हाला आता भौतिकशास्त्रात ‘सक्रिय द्रव्य’ म्हणतात. म्हणोत बापडे.

1995 साली बुडापेस्टच्या तामाश विचेक यांनी सहकाऱ्यांसह संगणकात नुसते ठिपके सोडले. वेग ठरलेला, दिशा शेजाऱ्यांच्या सरासरीची, आणि तीत थोडी चूक मिसळलेली. गर्दी पुरेशी आणि चूक बेताची असली की सगळे एका दिशेला निघाले. म्होरक्या नाही, हुकूम नाही. त्याच वर्षी जॉन टोनर आणि युहाय तू यांनी गणित मांडलं: सपाट पटावर जागच्या जागी फिरणाऱ्या सुया फक्त शेजारणीकडे पाहून दूरवर एकमत टिकवू शकत नाहीत, चालणाऱ्यांना मात्र ते साधतं. देवा, एवढी मोठी सवलत तू चालण्याला दिलीस!

आणि गिरकी घेणाऱ्यांनाही तू विसरला नाहीस. तारामाशाची भ्रूणं अंगावरच्या सूक्ष्म केसांनी पाणी ढवळत, स्वतःभोवती फिरत पृष्ठभागाशी येतात. त्या ढवळण्यानेच एकमेकांकडे ओढली जातात आणि हजारोंची षट्कोनी नक्षी जमते. सगळी नक्षीच फिरू लागते. निक्ता फाखरी यांच्या एमआयटीतल्या गटाने 2022 मध्ये हे मांडलं. यात एकाने दुसऱ्याला दिलेला रेटा तेवढाच परत येतो असं नाही. उरलेला हिशेब पाणी सांभाळतं. त्या पाण्याच्या जागी मी तुला पाहतो, तेवढं चालवून घे. पुढे भ्रूणं वाढतात, त्यांचा आकार बदलतो आणि नक्षी विरते. कुणी कुणाला अडवत नाही.

पण देवा, एकदिलाने चालणं म्हणजे तुझीच खूण, असं मी आता म्हणणार नाही. वाळवंटी टोळांची बिनपंखी पिल्लंही दाट झाली की शिस्तीत कूच करतात. त्या शिस्तीमागे भूक आहे: मागचा पुढच्याला चावतो, म्हणून पुढचा चालत राहतो. मागचा चावा जाणवणारी नस कापली, तर त्यांचं चालणं मंदावतं, असं प्रयोगात दिसलं. याच जातीची धाड 2020च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडच्या शेतांवर उतरली होती.

म्हणून सरसकट एकोपा मागत नाही. दिशा घेताना माझ्या हातून होणारी थोडी चूक राहू दे. तेवढ्याने कळप मोडत नाही. माझी वाढ झाली की नक्षीतून सुटू दे, आणि इतर सुटतील तेव्हा त्यांना धरून ठेवायची बुद्धी मला देऊ नकोस. आणि सगळ्यांबरोबर पाऊल पडत असेल तेव्हा एवढं कळू दे, की मी पुढच्याच्या ओढीने चाललोय की मागच्याच्या दातांना भिऊन.