क्षमा आणि भरपाई

शहापुरात यंत्रमागाचा धोटा उडून एखाद्या विणकराचा डोळा जातो, तेव्हा मंडळीतील भाविक त्याला म्हणतात, "मालकाला क्षमा करा, अर्ज करू नका." आम्हांस हे पटत नाही. क्षमेने मनातील वैर जाते. बुडालेली मजुरी परत येत नाही. जखमी माणसाचा बुडालेला वेळ भरून द्यावा व त्याला बरे करवावे, असा नियम निर्गम २१:१९ मध्येच आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व राखले आहे. तेव्हा भरपाई मागणे हा दोषारोप नव्हे, सूड तर नव्हेच. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. आमच्या "धीर धरा" या बोधाने ती टळली, तर उपाशी लेकरांचा दोष आमच्याही माथी येईल. प्रार्थनेनंतर त्याचा अर्ज लिहावयास आपणच बसू या.